पहाटे पाचची कळ, संध्याकाळी सातची उडी

शनिवार, १० ऑगस्ट २०२४. पॅरिसला लागून असलेल्या साँ-दनीच्या 'स्ताद द फ्रान्स' मैदानावर त्या संध्याकाळी पुरुषांच्या उंच उडीची ऑलिंपिक अंतिम फेरी होती. खेळाडू बारा, बार एक आणि प्रत्येक उंचीला फक्त तीन संधी. त्या बाराजणांत इटलीचा जियानमार्को ताम्बेरी होता. टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, २०२३चा जगज्जेता आणि दोनच महिन्यांपूर्वी रोममध्ये २.३७ मीटर उडी मारून युरोपचा विजेता झालेला. उंच उडीत लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं आजवर एकाही पुरुषाला मिळालेली नव्हती. ती मिळवायला तो आला होता. त्या रात्री तो अकरावा आला.

हा घटनाक्रम त्याच दिवसाचा आहे. वेळ पॅरिसची दिली आहे आणि तिच्या शेजारी गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्याची, साडेतीन तास पुढची. कारण हे लिहिताना डोळ्यांपुढे कुरखेडा तालुक्यातली मुलंमुली आहेत, जी धानाच्या बांध्या आणि सती नदीचे नाले ओलांडतच वाढतात आणि शाळेच्या मैदानावर दोरी बांधून उंच उडीचा सराव करतात.

खेळातल्या अशा हारीला अनर्थ म्हणायचा मोह होतो, पण हा शब्द या तालुक्यात जपूनच वापरायला हवा. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ झालेल्या भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस जवान आणि त्यांचा चालक असे सोळा जण गेले. त्या दुःखापुढे खेळातली कुठलीही हार लहानच. तरीही वर्षानुवर्षांची मेहनत चौदा तासांत हातातून निसटते तेव्हा ते कसं घडतं, हे खेळणाऱ्या प्रत्येकाने आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आठ वर्षं आधी

१५ जुलै २०१६, मोनॅको. रिओ ऑलिंपिक तीन आठवड्यांवर आलं होतं. ताम्बेरीने २.३९ मीटर पार करून इटलीचा राष्ट्रीय विक्रम केला. स्पर्धा त्याने जिंकलेलीच होती, पण त्याने बार २.४१वर ठेवायला सांगितला. त्या उंचीवर उसळी घेताना घोट्याचा अस्थिबंध फाटला आणि रिओ हुकलं. पायाच्या प्लास्टरवर त्याने 'टोकियो २०२०कडे' अशा अर्थाचे शब्द लिहिले. महामारीमुळे ऑलिंपिक वर्षभर पुढे गेलं तेव्हा २०२० खोडून २०२१ केलं.

१ ऑगस्ट २०२१ला तेच प्लास्टर घेऊन तो टोकियोच्या मैदानात उतरला. तो आणि कतारचा मुताझ बर्शीम, दोघांनीही २.३७पर्यंत एकही चूक केली नाही आणि २.३९ला दोघेही तिन्ही वेळा अडले. बरोबरी फोडण्यासाठी आणखी उड्या घ्यायच्या का, असं अधिकाऱ्याने विचारलं. बर्शीमने उलट विचारलं, दोन सुवर्णपदकं देता येतील का? नियमात ते बसत होतं. दोघे मित्र एकाच पायरीवर उभे राहिले.

तेव्हापासून ताम्बेरीची प्रत्येक तारीख पॅरिसकडे तोंड करून होती.

३४ दिवस आधी

७ जुलै २०२४, पॅरिस. युक्रेनची यारोस्लावा माहुचिख हिने २.१० मीटर उडी मारली. बल्गेरियाच्या स्तेफका कोस्तादिनोवाने ३० ऑगस्ट १९८७ रोजी रोममध्ये केलेला २.०९चा जागतिक विक्रम सदतीस वर्षांनी मोडला. एका सेंटिमीटरसाठी सदतीस वर्षं.

पुरुषांचा विक्रम त्याहून हट्टी आहे. अमेरिकेच्या जॉर्ज होराइनने १९१२ साली पहिल्यांदा दोन मीटरची उंची गाठली. १९५६मध्ये चार्ल्स ड्यूमास २.१५ मीटर, म्हणजे सात फुटांच्या वर गेला. सोव्हिएत संघाच्या वालेरी ब्रूमेलने १९६१ ते १९६३ या काळात विक्रम पुन्हापुन्हा मोडत २.२८पर्यंत नेला. चीनचा चू च्यानहुआ १९८४ला २.३९, स्वीडनचा पॅट्रिक शोबर्ग १९८७ला २.४२ आणि शेवटी क्यूबाचा हाविएर सोतोमायोर. २७ जुलै १९९३, स्पेनमधलं सालामांका, उंची २.४५. एक्क्याऐंशी वर्षांत विक्रम पंचेचाळीस सेंटिमीटर वर गेला आणि त्यानंतर एका सेंटिमीटरनेही हलला नाही.

या चढणीत माणसाच्या पायाइतकाच वाटा खालच्या गादीचा आहे. पूर्वी खेळाडू वाळूत किंवा लाकडाच्या भुशात पडत. त्यामुळे पायावर किंवा हातापायांवर उतरणं भाग होतं. कात्री, वेस्टर्न रोल, स्ट्रॅडल या सगळ्या पद्धती त्या सक्तीतून घडल्या. साठच्या दशकात फोमच्या जाड गाद्या आल्या आणि पाठीवर पडणं सुरक्षित झालं. अमेरिकेच्या डिक फॉसबरीने बारकडे पाठ करून, डोकं आधी नेऊन उडी मारली. १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये २.२४ मीटरसह सुवर्णपदक घेतलं. पुढे साऱ्या जगाने तीच पद्धत उचलली. गादी नसती तर ही उडी कोणी दुसऱ्यांदा मारलीच नसती.

१५ दिवस आधी

२६ जुलै, उद्घाटन सोहळा. सीन नदीतून देशोदेशींच्या होड्या चालल्या होत्या. इटलीच्या होडीवर ध्वज ताम्बेरी आणि तलवारबाज अरियाना एरिगो यांच्या हाती होता. ध्वज फिरवताना ताम्बेरीच्या बोटातली लग्नाची अंगठी निसटली आणि नदीत गेली. स्पर्धेसाठी अंग कमी केलं की बोटंही बारीक होतात. त्याने बायकोची जाहीर माफी मागितली. लोकांनी ते कौतुकाने वाचलं.

उंच उडीत वजनाला फार किंमत आहे. शेवटच्या पावलाला खेळाडू एका पायावर जमीन दाबतो. तो पाय जमिनीवर सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी वेळ टेकलेला असतो आणि तेवढ्यात शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोर त्या घोट्यावर, गुडघ्यावर आणि कमरेवर येतो. अंगावरचा प्रत्येक अर्धा किलो वर न्यावा लागतो. म्हणून हे खेळाडू स्पर्धेआधी अंग असं कोरून काढतात की आजाराशी झुंजायला शिल्लक फारशी उरत नाही.

सहा दिवस आधी

४ ऑगस्ट, रविवार. पॅरिसमध्ये माहुचिखने दोन मीटरच्या उडीवर महिलांचं सुवर्णपदक घेतलं. त्याच दिवशी ताम्बेरी इटलीत अंथरुणाला खिळला होता. बाजूच्या बरगडीखाली सुरी खुपसावी तशी कळ उठली, दवाखान्यात नेलं, सीटी स्कॅन, सोनोग्राफी, रक्ततपासणी झाली. मूत्रपिंडातला खडा असावा, असं निदान निघालं. अंगात ३८.८ अंश सेल्सिअस ताप होता. विमानप्रवास पुढे ढकलावा लागला. हे सारं त्यानेच जगाला कळवलं आणि शेवटी लिहिलं की काहीही झालं तरी तो मैदानात उतरणार.

मुतखडा म्हटलं की आपल्याकडे घरोघरी एखादी आठवण निघते. खडा मूत्रपिंडातून खाली सरकताना मूत्रवाहिनीत अडतो, नळी त्याला ढकलण्यासाठी आकसते आणि आकसण्यातूनच ती भयंकर कळ येते. खडा हलला की कळ थांबते. तो पुन्हा अडला की परत उठते. कळ थांबली म्हणजे आजार गेला असं होत नाही. सोबत ताप असेल तर अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झाल्याची शंका घ्यावीच लागते, आणि तेव्हा उशीर जिवावर बेतू शकतो.

तीन दिवस आधी

७ ऑगस्ट, बुधवार. पात्रता फेरी, पॅरिसमध्ये सकाळचे दहा वाजून गेलेले, कुरखेड्यात दुपारचा दीड. ताम्बेरी पॅरिसला पोहोचला होता. २.२४ मीटर पार करून त्याने अंतिम फेरी गाठली. याच फेरीत बर्शीमच्या पोटरीत गोळा आला आणि तो धावता धावता खाली बसला. सर्वांत आधी धावत गेला तो ताम्बेरी. मित्राचा पाय ताणून देत बसला. बर्शीम उठला आणि तोही पात्र ठरला. न्यूझीलंडचा हेमिश कर तर २.२०ला दोनदा अडला होता. तिसरी संधी साधली नसती तर तो तिथेच बाहेर गेला असता. हे नाव लक्षात ठेवा.

त्याच फेरीत एक मराठी पोरगाही होता. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे, शेतकऱ्याचा मुलगा, पुढे सैन्यात भरती झालेला. शाळेत त्याचे क्रीडाशिक्षक रावसाहेब जाधव यांनी मक्याचा भुसा भरून त्याच्यासाठी पडायची गादी तयार केली होती. त्या भुशावर पडत तो शिकला. २०२२च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत २.२७ उडी मारून त्याने सुवर्णपदक घेतलं होतं. पॅरिसमध्ये तो २.१५ पार करू शकला, २.२०ला तिन्ही वेळा बार पडला आणि त्याचं ऑलिंपिक संपलं.

देशात कोणाचं तिकडे फारसं लक्ष गेलं नाही, कारण त्याच दुपारी विनेश फोगाटला शंभर ग्रॅम वजन जास्त भरल्यामुळे कुस्तीच्या अंतिम लढतीतून अपात्र ठरवल्याची बातमी आली होती. त्याच रात्री बीडचा अविनाश साबळे स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावला आणि अकरावा आला. एका दिवसात तीन भारतीयांची तयारी तीन वेगळ्या दारांशी अडली.

१४ तास आधी

पॅरिस, पहाटे ५. कुरखेडा, सकाळी ८.३०.

अंतिम फेरीचा दिवस. पहाटे पाचला ताम्बेरीला त्याच कळेने जाग आली. जागा तीच, दुखणं तेच. रविवारनंतर जे सुटल्यासारखं वाटलं होतं ते पुन्हा अडलं होतं.

आपल्याकडे त्या वेळी शनिवारची सकाळची शाळा भरलेली असते. मैदानावर कवायत चाललेली असते आणि पाऊस नसेल तर एखाद्या कोपऱ्यात लांब उडी, उंच उडी. ज्या खेळाच्या शेवटच्या टप्प्यावर एक जगज्जेता पोट धरून वाकला होता, त्याच खेळाची पहिली पायरी इथे कुणीतरी चढत असतं.

११ तास आधी

पॅरिस, सकाळी ८. कुरखेडा, ११.३०.

सामान्य रुग्णाला अशा वेळी कळ मारणारं जोरकस औषध मिळतं आणि तो झोपी जातो. खेळाडूची गोष्ट वेगळी. उत्तेजकविरोधी नियमांनुसार स्पर्धाकाळ आदल्या रात्री ११.५९लाच सुरू होतो. मॉर्फिनसारखी अफूजन्य औषधं त्या काळात बंद असतात. ट्रामाडॉलही १ जानेवारी २०२४पासून त्याच यादीत गेलं. शिरेतून सलाईन द्यायचं तर त्यावरही मर्यादा आहे. जास्त प्रमाणात द्यायचं तर ते रुग्णालयातल्या खऱ्या उपचाराचा भाग असावं लागतं. आपत्कालीन उपचारांसाठी वैद्यकीय सूट मागता येते, पण तिच्यासाठी कागद आणि कारणं लागतात. शिवाय झोप आणणारं औषध घेऊन २.३६ मीटर उडी मारता येत नाही, हे कुठल्याही नियमाशिवाय खरं आहे.

दुसरा पेच उडीतलाच आहे. फॉसबरीच्या पद्धतीत बारवरून जाताना पाठ कमानीसारखी मागे वाकते. कंबर वर, खांदे आणि टाचा खाली. ही कमान बरगडीखालच्या, कमरेच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर तोललेली असते. ताम्बेरीची कळ नेमकी तिथे होती. हात दुखला असता तर कदाचित निभावलं असतं. इथे उडीचा कणाच दुखत होता.

सात तास आधी

पॅरिस, दुपारी १२. कुरखेडा, ३.३०.

स्पर्धा पुढे ढकलता आली नसती का? नाही. ऑलिंपिकचा कार्यक्रम एका माणसासाठी थांबत नाही, आणि उंच उडीच्या इतिहासात अशा बिघडलेल्या दिवसांची रांगच आहे.

१९६० साली अमेरिकेचा जॉन थॉमस २.२२च्या जागतिक विक्रमासह रोमला गेला. आदल्या वर्षी लिफ्टमध्ये अडकून त्याचा पाय जबर जखमी झाला होता, त्यातूनही तो सावरून आला होता. सुवर्णपदक त्याचंच असं साऱ्यांनी धरलं होतं. तो २.१४ला थांबला आणि त्याला कांस्य मिळालं. सुवर्ण आणि रौप्य सोव्हिएत संघाच्या शाव्लाकाद्झे आणि ब्रूमेल यांनी नेलं.

ब्रूमेलने चार वर्षांनी टोकियोत सुवर्ण मिळवलं. पण ऑक्टोबर १९६५मध्ये मॉस्कोत मोटरसायकलवर मागे बसून जात असताना अपघात झाला आणि त्याच्या पायाच्या हाडांचा चुरा झाला. अनेक शस्त्रक्रिया झाल्या. अखेर कुर्गानच्या डॉ. इलिझारोव यांनी त्यांच्या कड्यांच्या चौकटीने तो पाय जोडला. ब्रूमेल पुन्हा दोन मीटरवर गेला, पण २.२८ परत आलं नाही.

१९७६ला माँट्रियलमध्ये विक्रमवीर ड्वाइट स्टोन्स पावसाने अडला. ओल्या धावपट्टीवर पाय घसरत होता. तो २.२१वर तिसरा राहिला आणि पोलंडच्या यात्सेक व्शोवाने २.२५सह सुवर्ण घेतलं. चारच दिवसांनी, कोरड्या मैदानावर, स्टोन्सने २.३२चा नवा जागतिक विक्रम केला. पाय तोच होता, माणूस तोच होता. फक्त दिवस वेगळा होता.

विक्रम कुठल्याही दिवशी करता येतो. ऑलिंपिक पदक मात्र ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळीच मिळतं. ज्या खेळाचा फैसला चार वर्षांतून एका संध्याकाळी होतो, त्याला ही किंमत चुकत नाही.

चार तास आधी

पॅरिस, दुपारी ३. कुरखेडा, संध्याकाळी ६.३०.

कळ सुरू होऊन दहा तास झाले होते. ती थांबलेली नव्हती. त्या दहा तासांत ताम्बेरीला रुग्णवाहिकेतून तातडीच्या विभागात न्यावं लागलं, आणि दोनदा रक्ताची उलटी झाली. त्याने हे सारं लिहून जाहीर केलं. कशी उडी मारणार हे आपल्याला ठाऊक नाही, पण आपण तिथे असू, असं त्याने सांगितलं.

इथे त्याचं कौतुक करण्याआधी थांबावंसं वाटतं. त्याने घेतलेला निर्णय प्रौढ माणसाचा होता, भोवती डॉक्टरांचं पथक होतं, तपासण्या झालेल्या होत्या, रुग्णालय हाताशी होतं. यातलं काहीच नसताना एखाद्या शाळकरी पोराने हीच जिद्द दाखवली तर त्याला शाबासकी द्यायची नसते, त्याला डॉक्टरकडे न्यायचं असतं. या गोष्टीतून धाडसाचा धडा जरूर घ्यावा, पण त्याआधी हा घ्यावा.

एक तास आधी

पॅरिस, संध्याकाळी ६. कुरखेडा, रात्री ९.३०.

उंच उडीचा खेळाडू स्पर्धेआधी आपली पावलं मोजतो. धाव सरळ सुरू होते आणि शेवटच्या चार-पाच पावलांत वळते. त्या वळणाने शरीर आत झुकतं आणि उसळी घेताना तोच झुकाव त्याला वर फिरवतो. सुरुवातीची खूण वीतभर चुकली की उसळीची जागा चुकते आणि बार पायाने किंवा पाठीने जातो. हा हिशोब रोजच्या सरावातल्या वेगावर बसवलेला असतो. दहाबारा तास वेदनेत काढलेल्या, पोटात अन्न न ठरलेल्या माणसाचा वेग रोजचा नसतो. खूण तीच ठेवली तर पाय पोहोचत नाही, बदलली तर सराव कामाला येत नाही.

शून्य

पॅरिस, सातचा सुमार. कुरखेडा, रात्री १०.३०.

ताम्बेरी मैदानात आला. प्रेक्षकांना सारं कळलेलं होतं. त्यांनी त्याला उभं राहून दाद दिली. टाळ्या वाजवायला लावून प्रेक्षकांना आपल्या धावेत ओढणं ही त्याची जुनी ओळख. त्या दिवशी प्रेक्षकच त्याला ओढून नेऊ पाहत होते.

२.२२. ही उंची त्याच्यासाठी एरवी सरावाची. पहिला प्रयत्न फसला. दुसराही फसला. तिसरा शेवटचा, कारण लागोपाठ तीन चुका झाल्या की खेळाडू बाहेर. तिसऱ्याला तो वर गेला आणि बार जागेवर राहिला.

२.२७. पहिला प्रयत्न, बार खाली. दुसरा, बार खाली. तिसरा, बार खाली.

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रोमला जूनमध्ये मारलेल्या उडीपेक्षा त्या रात्रीची उडी पंधरा सेंटिमीटरने कमी पडली. आणि त्या रात्री सुवर्णपदकाची लढाई ज्या उंचीवर आली ती होती २.३६, म्हणजे त्याच रोमच्या उडीहून एक सेंटिमीटर कमी.

शून्यानंतर

ताम्बेरी बाहेर गेला, स्पर्धा चालूच राहिली. इटलीच्याच स्तेफानो सोत्तिलेने २.३४ मीटर उडी मारली आणि तरी पदक हुकून तो चौथा राहिला. बर्शीमने त्याच उंचीवर कांस्य घेतलं. चार ऑलिंपिकमध्ये चार पदकं मिळवणारा उंच उडीतला तो एकमेव खेळाडू ठरला. कर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकएवन दोघेही २.३६ पार करून २.३८ला अडले. पुन्हा टोकियोसारखाच प्रसंग. या वेळी दोघांनी सुवर्ण वाटून न घेता खेळायचं ठरवलं. बरोबरी फोडताना प्रत्येक उंचीला एकच संधी असते. २.३८ला दोघे चुकले, २.३६ला दोघे चुकले. २.३४ला मॅकएवन चुकला आणि कर पार झाला.

तोच कर, जो तीन दिवसांपूर्वी २.२०च्या तिसऱ्या संधीवर वाचला होता. आणि तोच ताम्बेरी, ज्याला २.२२ची तिसरी संधी मिळूनही पुढे वाट नव्हती. उंच उडीत विजेत्याचाही शेवटचा प्रयत्न बहुतेक वेळा फसलेलाच असतो. करला त्या रात्री शेवटची उडी यशस्वी करण्याचं दुर्मीळ भाग्य मिळालं.

तेरा महिन्यांनी

सप्टेंबर २०२५, टोकियो, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. गतविजेता ताम्बेरी पात्रता फेरीतच २.१६वर थांबला. त्याच पात्रता फेरीतून २.२५ मीटर उडी मारून सर्वेश कुशारे अंतिम फेरीत गेला. या स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा तो पहिला भारतीय. १६ सप्टेंबरला त्याने २.२८ मीटर उडी मारली. त्याच्या आयुष्यातली ही तोवरची सर्वोत्तम उडी आणि तेजस्विन शंकरच्या २.२९च्या राष्ट्रीय विक्रमाहून एकच सेंटिमीटर कमी. तो जगात सहावा आला. सुवर्ण पुन्हा करने घेतलं, २.३६.

पॅरिसला २.२०वर अडलेल्या माणसाला जगातल्या पहिल्या सहांत यायला तेरा महिने पुरले. त्याच्या त्या बुधवारी हरण्याला कोणी अनर्थ म्हटलं नव्हतं, आणि त्याने स्वतःही तसं मानलं नसावं, हे त्याच्या टोकियोतल्या उडीवरून दिसतं.

कुरखेड्यासाठी

ताम्बेरीला एका खड्याने अडवलं. आपल्याकडच्या मुलांना त्याआधीच काहीतरी अडवतं. बहुतेक ठिकाणी ती अडचण असते पडायच्या जागेची. मोबाइलवर फॉसबरीची उडी पाहून एखादा मुलगा वाळूच्या खड्ड्यात पाठीवर पडायला जातो. ते कधीही होऊ देऊ नका. मानेला किंवा मणक्याला लागलेला मार जन्मभराचा असतो. जाड फोमची गादी नसेल तिथे पायावर उतरता येणारी कात्री उडीच शिकवा. ती कमी प्रतीची नाही. रुमानियाच्या योलांडा बालाशने सुधारलेल्या कात्री पद्धतीनेच १९६० आणि १९६४ची ऑलिंपिक सुवर्णपदकं घेतली, १९६१ला १.९१ मीटरचा जागतिक विक्रम केला आणि तो दहा वर्षं टिकला. भारताचा महिलांचा राष्ट्रीय विक्रम त्याहून फक्त एक सेंटिमीटर जास्त आहे.

देवरगावात मका होता म्हणून मक्याचा भुसा वापरला गेला. आपल्याकडे तणस आहे. पण भुसा किंवा तणस ही सुरुवात झाली. ते दबतं, भिजतं, सरकतं. त्याच्या जोरावर पोरांना पाठीवर पडायला लावता येत नाही. तालुक्याच्या एखाद्या मैदानावर एक चांगली फोमची गादी, दोन खांब आणि ही उडी शिकवणारा एक प्रशिक्षित शिक्षक असेल, तर आजूबाजूच्या आश्रमशाळांची आणि जिल्हा परिषद शाळांची मुलं तिथे आळीपाळीने येऊ शकतात. ज्या जिल्ह्यातली पोरं पोलीस भरतीसाठी पहाटे उठून रस्त्यावर धावतात, तिथे पायांची उणीव नाही.

आणि खेळाच्या दिवशी एखाद्या मुलाने बाजूला कळ येते, ताप आहे, लघवीला जळजळतं असं सांगितलं, तर त्याला स्पर्धेतून काढा आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. कुरखेड्याला उपजिल्हा रुग्णालय आहे. स्पर्धा पुढच्या वर्षी पुन्हा भरेल.

शाळा व्यवस्थापन समितीची पुढची सभा होईल तेव्हा उंच उडीच्या गादीचा विषय लेखी द्या. ठरावाच्या वहीत तो नोंदला गेला आहे ना, हे सही करण्याआधी पाहा.